माझ्याच पुडीचं व्याज

"पदर पसर."

मी पसरला. वहिनीने वरच्या पायरीवरून पाकीट सोडलं. ते पदरात पडलं. मी म्हणाले, "उपकार झाले, वहिनी." समोर फोटोवाला उभा होता. तो म्हणाला, "ताई, जरा हसा." मी हसले.

त्या पाकिटात माझे पैसे होते. माझ्या मजुरीतून दर शनिवारी दोनशे रुपये कापून वर्षभर ठेवलेले. माझे मला परत मिळत होते आणि मी उपकार मानत होते. एकदा नाही, सहा दिवाळ्या. त्यातला एक फोटो शेठच्या बॅनरवर छापला गेला आणि दोन महिने नाक्यावर लटकत होता. त्यात मी दात काढून हसतेय. आज तो फोटो आठवला की तोंडाला कडू पाणी सुटतं. किळस त्यांची येतेच, पण आधी त्या हसण्याची येते.

पडघ्याच्या पुढे, हायवेपासून आत, गोडाऊनांच्या रांगा आहेत. तिथे मी पॅकिंगला होते. सकाळी आठला उभं राहायचं ते संध्याकाळी सहाला बसायचं. माल स्कॅन करायचा, खोक्यात घालायचा, टेप मारायची, लेबल चिकटवायचं. सुपरवायझर मागून ओरडत असायचा, "बात मत करो, लाइन चालू रखो." गोडाऊन कंपनीचं, पण जमीन शेठची. एके काळी तिथे त्यांचा भात पिकायचा आणि माझी आई लावणीला जायची. आता भात गेला, पत्र्याचे शेड आले आणि मजूर पुरवायचा ठेकाही शेठकडेच आला. म्हणजे आईही त्यांच्याकडे, मीही त्यांच्याकडेच. आई चिखलात उभी राहायची, मी सिमेंटवर. एवढीच आमची प्रगती.

पगार शनिवारी शेठच्या बंगल्यावर. ड्युटी सुटली की पंचवीस-तीस बायका त्यांच्या ओट्यापुढे रांग लावायच्या. ओट्याला पाच संगमरवरी पायऱ्या. वर शेठ खुर्चीत बसून नोटा मोजायचा. शेजारच्या खुर्चीत त्याची बायको, आमची वहिनी. तिच्या मांडीवर कुलूपवाला स्टीलचा डबा. शेठने मजुरी मोजली की वहिनी त्यातले दोनशे उचलायची आणि डब्यात टाकायची. दिवाळीला परत द्यायची. आम्ही मागितलं नव्हतं. तिनेच सुरू केलं. म्हणायची, "तुमच्या हातात पैसा टिकत न्हाय गं. माझ्याकडं ऱ्हाईल तर सणाला दिसंल तरी."

माझ्या हातात पैसा टिकत नाही. हे कोणाला सांगत होती ती? शेअर रिक्षाचे वीस रुपये वाचवायला मी नाक्यापासून गोडाऊनपर्यंत पायी जायची. दुपारचा चहा सोडला. पोरीच्या रफ वह्या मी कधी विकत घेतल्या नाहीत. चुकून छापलेली लेबलं सुपरवायझर फेकायला सांगायचा, ती मी विचारून घरी आणायची आणि पोरगी त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गणितं सोडवायची. बचत म्हणजे काय ते मला ओट्यावर बसून शिकवायची गरज नव्हती. माझा एकेक दिवस म्हणजे बचतच होती.

मग तिच्याकडे पैसे ठेवलेच का, असं कोणी विचारेल. विचारू दे. बँक उघडते तेव्हा मी लाइनवर असते, बँकेत जायचं तर खाडा पडतो. खाडा म्हणजे दिवसाची मजुरी गेली. दोनशे टाकायला चारशे घालवायचे? वस्तीत भिशी होती, ती चालवणारी बाई एका रात्रीत बिऱ्हाड उचलून सुरतेला गेली. घरात ठेवावं तर घरात गरजा काय कमी असतात? आज सिलिंडर, उद्या कोणाचं लग्न, परवा सासऱ्याचं औषध. त्यापेक्षा वहिनीचा डबा बरा वाटायचा. कुलूप होतं. बंगला कुठे पळून जाणार नव्हता. आम्ही तर आपापसात ऐटीत सांगायचो, "आमचे पैसे वहिनीकडे आहेत."

प्रत्येकीची वेगळी पुडी होती. पार्सलची पारदर्शक पिशवी, तिच्यावर मार्करने नाव. वहिनीला लिहायचा कंटाळा, म्हणून नावं मीच लिहिली होती. मी दहावी पास. सगळ्यांची लिहिली, माझंही लिहिलं, निळ्या मार्करने.

आता पदराचं सांगते.

रांगेत गावातल्या बायका असायच्या आणि आम्ही सात जणी बौद्धवाडीतल्या. गावातल्या बायका पायऱ्या चढून वर जायच्या. वहिनी त्यांना हळदकुंकू लावायची, पाकीट हातात द्यायची. आम्ही आलो की ती उठून पायरीच्या काठाशी यायची आणि म्हणायची, "पदर पसर." पाकीट वरून सुटायचं. ज्या पोरी ड्रेस घालायच्या त्या ओढणी पसरायच्या. शनिवारची मजुरीही तशीच. शेठ नोटा मोजून वहिनीकडे द्यायचा आणि वहिनी वरून सोडायची. कधी एखादी नोट वाऱ्याने उडाली तर आम्ही तिच्यामागे धावायचो आणि वरच्या बायका हसायच्या.

कोणी "बाटेल" म्हणालं नाही. आजकाल तसं कोणी म्हणत नाही. एकदा आमच्यातल्या एकीने भीतभीत विचारलं तेव्हा वहिनी मायेने म्हणाली, "अगं, सवयीचं हाय. सासूबाई तशाच द्यायच्या. मनात काय न्हाय आमच्या." मनात काही नव्हतं म्हणे. सगळं हातातच होतं.

आणि त्याच वहिनीच्या घरी आठवड्याला चार पार्सलं यायची. चपला, क्रीम, देवाचे चांदीचे दिवे. आमच्यासारख्याच कुठल्या तरी बायकांच्या हातांनी भरलेली. टेप आमच्या दातांनी तोडलेली, कारण कटर कमी असतात. ते खोकं ती ओट्यावर बसून फोडायची, दिवे काढून सरळ देवघरात न्यायची. तेव्हा सवय कुठे जायची?

मला हे दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं. पण दिसलेलं गिळायची आम्हाला लहानपणापासून सवय. माझी आई त्याच ओट्यापुढे उभी राहायची, तेव्हा तो शेणाने सारवलेला होता. तिने पदर पसरला, मी पसरला. मला वाटायचं, पैसे मिळतायत ना, मग झालं.

दोन वर्षांपूर्वी नवऱ्याचा हात लूममध्ये गेला. तो नारपोलीला कारखान्यात होता. दोन बोटं चेंगरली. मालकाने पट्टी बांधण्यापुरते दिले आणि हात झटकले. मी वहिनीकडे गेले. म्हटलं, डब्यातले माझे द्या. वहिनी म्हणाली, डबा दिवाळीलाच उघडतो, नियम सगळ्यांना सारखा. पण अडलीस तर उचल देते. चार हजार, शेकडा पाच. महिन्याला दोनशे व्याज. ती आत गेली आणि नोटा घेऊन बाहेर आली. मी पदर पसरला. पाच महिने मी व्याज भरलं. शनिवारचे दोनशे वेगळे कापले जातच होते. तेव्हाही मी उपकार मानले. वस्तीत सांगितलं, वेळेला वहिनीच उभी राहिली.

यंदा माझी पोरगी बारावी झाली. चांगल्या मार्कांनी झाली. तिला लॅब टेक्निशियनचा कोर्स करायचा होता, रक्त-लघवी तपासायचा. कल्याणच्या एका कॉलेजात नंबर लागला. स्कॉलरशिप नंतर येणार, पण सोमवारी दुपारपर्यंत साडेसहा हजार भरले नाहीत तर जागा दुसऱ्याला. हे आम्हाला गुरुवारी कळलं. मी घरी हिशेब केला. दिवाळीपासून छत्तीस शनिवार झाले होते, एकही चुकवला नव्हता. सात हजार दोनशे. मी पोरीला म्हटलं, "पैसे आहेत आपले. झोप तू."

शनिवारी रांगेत उभी राहिले. जुलै महिना, ओट्यापुढे सगळा चिखल. माझा नंबर आला. मजुरी घेतली आणि तिथेच थांबले. म्हटलं, "वहिनी, माझ्या पुडीतले पैसे पाहिजेत. पोरीची फी आहे सोमवारी."

"दिवाळीच्या आधी न्हाय. म्हाईत हाय ना तुला?"

"ॲडमिशन जाईल, वहिनी."

"कसलं ॲडमिशन?"

मी सांगितलं. लॅब, रक्त तपासणं. वहिनी शेठकडे बघून हसली. मग मला म्हणाली, "तुमच्या पोरीच्या हातानं सुई टोचून घेनार हाय का कोन?"

वरच्या दोन-तीन बायकाही हसल्या. वाईट मनाने नसेल, मालकीण हसली म्हणून हसल्या असतील. मी हसले नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा मी हसले नाही.

माझी पोरगी. जिने लेबलांच्या मागे गणितं सोडवली. जिचे हात मी तापात रात्रभर धरून बसले आहे. त्या हातांना ही बाई घाण ठरवत होती, आणि तेही आमच्या पैशाचा डबा मांडीवर घेऊन.

वहिनीला माझा चेहरा बघून दया आली असावी. म्हणाली, "बरं, अडलीस म्हनून देते. उचल घे. शेकडा पाच." आणि यावेळी तिने आत जायचेही कष्ट घेतले नाहीत. तिथेच डबा उघडला. पुड्या चाळल्या. एक पुडी वर काढली. पिशवीवर निळ्या मार्करने नाव होतं. माझं अक्षर, माझं नाव.

"तुझ्याच पुडीतले देते," ती म्हणाली. "म्हंजे हिशेबाला सोपं. पहिल्या म्हैन्याचं व्याज आत्ताच काढून घेते."

ती चेष्टा करत नव्हती. तिने खरंच माझ्या पुडीतून तीनशे साठ रुपये मोजले आणि स्वतःच्या पर्समध्ये ठेवले. चोरी करताना माणूस निदान इकडेतिकडे बघतो. ही बाई पंचवीस जणींसमोर, दिवसाउजेडी, माझे पैसे मलाच व्याजाने देत होती आणि तिच्या चेहऱ्यावर पुण्य केल्याची कळा होती. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवतात ते ऐकून होते. हिने हलवायाकडूनच त्या तुळशीपत्राचं भाडं घेतलं.

आणि मला एकदम ते चार हजार आठवले. नवऱ्याच्या बोटांचे. तेही माझेच असणार. किंवा माझ्या मागे उभ्या असलेल्या, आमच्याच वाडीतल्या मावशीचे. हजार रुपये व्याज मी कशाचं भरलं? सहा वर्षं मी म्हणत होते की वहिनी पैसे सांभाळते. ती आमचे पैसे आमच्यातच व्याजाने फिरवत होती, आणि वरून पदर पसरायला लावत होती.

"पदर पसर," ती म्हणाली.

मी पदर कमरेला खोचला. हात पुढे केला. उघडा हात.

"हातात द्या. उचल नको. माझे आहेत ते."

शेठने नोटा मोजायचं थांबवलं. वहिनीला आधी कळलंच नाही. ती पुन्हा म्हणाली, "पसर गं." मी हात तसाच ठेवला. मग तिला कळलं. तिचं तोंड आंबट काहीतरी चावल्यासारखं झालं.

"जीभ लई चालाय लागली गं तुझी."

आणि तिने पुडी सोडली. पदर नव्हता, ती माझ्या पुढच्या पायरीवर पडली, चपलांच्या चिखलात.

"उचल."

"तुम्ही टाकली. तुम्ही उचला."

हे मी बोलले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. वहिनी मागे जाऊन खुर्चीत बसली, जणू मी तिथे नव्हतेच. पुडी पायरीवर. माझ्यापासून एक हात लांब. त्यात पोरीचं कॉलेज होतं. सोमवारची दुपार होती. वाकून उचलली असती तर कोणाचं काय जाणार होतं? मावशी मागून कुजबुजली, "उचल गं बाई. पोरीचं बघ." अडला हरी गाढवाचे पाय धरी, हे आम्हाला आईच्या दुधातून मिळालेलं. माझी कंबर वाकायला लागली होती, खोटं का सांगू. पण मला पोरीचा हात दिसला. सुई धरलेला. मी वाकले तर उद्या ती कोणापुढे तरी वाकणार होती.

मी पुडीशेजारी, त्याच पायरीवर बसले.

त्यांच्या पायरीवर आमच्यातलं कोणी कधी बसलं नव्हतं. रांग माझ्या बाजूने वळून पुढे सरकली. बायका पगार घेऊन गेल्या. काही माझ्याकडे न बघता. आमच्या सहा जणी फाटकापाशी घुटमळत उभ्या राहिल्या. शेठने दोनदा हाक मारली, "ऊठ बाई, तमाशा नको." मी म्हटलं, "पुडी हातात द्या, उठते." तासभर असाच गेला. साडीला खालून ओल लागली. भीती वाटत होती. सोमवारची वाटत होती, शेठची वाटत होती, घरी जाऊन पोरीला काय सांगू याची सगळ्यात जास्त वाटत होती. पण किळस भीतीपेक्षा मोठी झाली होती. उठायला पाय तयार नव्हते.

मग फाटकात कंपनीच्या साहेबाची गाडी आली. शेठकडे तो दर शनिवारी चहाला यायचा. गाडी दिसली तसा शेठ ताडकन उठला, भराभर पायऱ्या उतरला, पुडी उचलली आणि माझ्या हातात कोंबली. त्याची बोटं माझ्या तळव्याला लागली. दात आवळून म्हणाला, "घे. आन् सोमवारपासून येऊ नको." आणि लगेच वळून, तोच हात पुढे करून, हसत त्याने साहेबाशी हात मिळवला. कोणी बाटलं नाही. आभाळ कोसळलं नाही. चहा आला.

सोमवारी फी भरली. पोरगी रोज कल्याणला जाते. मला दीड महिना काम नव्हतं. आता दुसऱ्या ठेकेदाराकडे आहे, मजुरी पन्नास रुपये कमी. पण मी दुपारची शिफ्ट मागून घेतली, कारण सकाळी पोस्ट उघडं असतं. पासबुक माझ्या नावाचं आहे. दर सोमवारी दोनशे. एखाद्या सोमवारी शंभरच. काचेपलीकडचा बाबू फार गोड बोलतो असं नाही, पण पासबुक हातात देतो.

वस्तीत सगळ्या माझ्या बाजूने आहेत असं कोणी समजू नये. मावशी बोलणंच टाकून बसली होती. तिची पुडी अजून त्या डब्यात आहे आणि माझ्यामुळे वहिनी तिच्यावर डाफरते. परवा मी तिच्या दारात जाऊन बसले. सगळं पुन्हा सांगितलं, व्याजाचं, चार हजारांचं. ती तांदूळ निवडत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "पैसे मिळाले म्हंजे झालं. पदर काय झिजतो का?"

मी तिच्यावर रागावले नाही. सहा वर्षं मीही हेच म्हणत होते. माझी आई तर जन्मभर. मी तिला एवढंच म्हटलं, "झिजतो, मावशी. तू तुझा बघ जरा."

त्या सहांतल्या तिघी पुड्या सोडवून माझ्याच शिफ्टला आल्या, आता माझ्याबरोबर सोमवारी पोस्टात येतात. बाकी तिघींच्या पुड्या दिवाळीपर्यंत तिथेच आहेत. नाक्यावर यंदाचा बॅनर लागलाय, ओट्यावरच्या दिवाळीच्या वाटपाचाच, पण महिला बचत सन्मान सोहळा म्हणून. त्यावर पुन्हा जुनाच फोटो आहे. मी हसतेय.

त्या सोहळ्याला मी जाणार आहे. मला कोणी बोलावलेलं नाही. वहिनीच्या पर्समध्ये माझे तीनशे साठ रुपये आहेत, ते मी सोडलेले नाहीत. सोडणारही नाही. पदर कमरेला खोचून मावशीच्या शेजारी त्या पायऱ्यांपुढे उभी राहणार. फोटोवाला असेल, साहेब असेल, शेठ माइकवर बचतीचं महत्त्व सांगत असेल. वहिनी काठाशी येऊन "पदर पसर" म्हणेल. मी हात पुढे करणार आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगणार, तीनशे साठ. हातात द्या.